घरात पक्षी आणि भिंतीवर बुरशी: कुंभकोणम परिसरासाठी खर्चाचा हिशेब

ऑक्टोबर ते डिसेंबर हा कावेरीच्या पट्ट्यातला खरा पावसाळा. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या भिंती वाळून जातात तेव्हा सुंदरपेरुमाळ कोयिल, स्वामीमलै, पापनाशम, कुंभकोणम या भागातल्या घरांत ओल चढायला लागते. कपाटामागे, न्हाणीघराच्या छताला, पिंजऱ्यामागच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. घरात बजी, कॉकटील, लव्हबर्ड किंवा ग्रे पॅरट असेल तर ते ठिपके काढायची नेहमीची पद्धत, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ॲसिड, फिनेल आणि वर सांब्राणीचा धूर, पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते. बुरशी पक्ष्याला हळूहळू आजारी पाडते. चुकीची सफाई मात्र एका दुपारी मारते. म्हणून क्रम पाठ करून ठेवा: आधी पक्षी बाहेर, मग पाण्याचं मूळ, शेवटी भिंत.

पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासातल्या हवेतून तो आपल्यापेक्षा कितीतरी जास्त काही शोषून घेतो. तुम्हाला जो वास जेमतेम जाणवतो, तो पस्तीस ग्रॅमच्या बजीला पुरेसा असतो.

खर्चाचा अंदाज आधीच सांगतो. डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल, तर घरच्या घरी काम होतं. पहिल्या वेळचं सामान 600 ते 1,100 रुपयांत येतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेही घरी साफ करायची मर्यादा साधारण तेवढीच, 10 चौरस फूट, धरली आहे. त्याहून मोठा डाग, गिलावा फुगलेला किंवा छत ठिबकणारं असेल तर गवंडी लागतो आणि आकडा हजारांत जातो. इथे दिलेले सगळे दर साधारण आहेत. पोंगलच्या आधी मजुरी वाढते, गावात कामगाराच्या येण्याजाण्याचे पैसे वेगळे लागतात. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

बुरशी आहे की लोणा?

पैसे खर्च करण्याआधी ही एक तपासणी करा, फुकट आहे. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी, पिठासारखी भुकटी असेल तर तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाका. भुकटी विरघळून गेली तर तो क्षार आहे, लोणा. त्यावर कुठलंही बुरशीनाशक चालत नाही आणि जो विकतो तो तुम्हाला फसवतो. काळे, हिरवट किंवा करडे ठिपके, ओल्या फडक्याने फरकटणारे आणि कुबट वासाचे, ही बुरशी.

जुन्या कौलारू घरांत चुन्याचा गिलावा असतो. त्यावर कुणी प्लॅस्टिक इमल्शन रंग चढवला असेल तर ओल आत कोंडते आणि रंगाचे पोपडे सुटतात. अशा भिंतीला पुन्हा ‘अँटिफंगल’ रंग देऊन घेणं म्हणजे दुसऱ्यांदा पैसे घालवणं. रंग खरवडून साधा चुना देणं स्वस्त आणि योग्य. चुना अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही आणि भिंतीला वाळायला वाव मिळतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘सुण्णांबु’ मागा, मिळेल. फक्त चुना विरघळवताना तो तापतो आणि त्याची धूळ उडते, तेव्हा हे काम अंगणात, चष्मा लावून आणि पक्षी दूर असतानाच करा.

पक्षी कुठे ठेवाल?

शेजारचं घर किंवा नातेवाइकांचं घर सगळ्यांत उत्तम. दुसरी खोली चालते, पण तिचं दार बंद राहिलं पाहिजे, फटीखाली ओला टॉवेल हवा आणि दोन्ही खोल्यांतून जाणारा एसी किंवा झरोका नसावा. स्वयंपाकघर नको, कारण नॉनस्टिक तवा तापून धुराला आला तर त्याचा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. गच्ची नको, ऊन, पाऊस, मांजर आणि कावळे. ओसरी दिवसा चालेल, रात्री नाही.

किती वेळ? साबण आणि पेरॉक्साइडचं काम असेल तर भिंत पूर्ण वाळून वास जाईपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस. ब्लीच वापरावंच लागलं तर दोन दिवस. पाण्यातल्या रंगाचा हात दिला असेल तर आठवडाभर. दारं-खिडक्यांना ऑइल पेंट लावला असेल तर दोन आठवडे धरा आणि डब्यावर ‘लो व्हीओसी’ लिहिलेलं असलं तरी हा हिशेब कमी करू नका. पिंजरा नेण्यासाठी रिक्षा करणार असाल तर भाडं थांबण्यासकट आधी ठरवा. पिंजऱ्यावर पातळ सुती कापड टाका, पाण्याची वाटी रिकामी करून ओल्या काकडीचा तुकडा ठेवा. रोजचेच दाणे बरोबर द्या. नव्या जागी नवं खाणं सुरू करू नका.

सामान आणि किंमत

एन-95 मास्क दोन, प्रत्येकी 30 ते 100 रुपये. कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क बीजाणू अडवत नाही. रबरी हातमोजे 60 ते 120. बाजूने बंद असलेला चष्मा 80 ते 150. स्प्रेची बाटली 50 ते 80. जाड प्लॅस्टिकचा कागद तीन मीटर 100 ते 150. चिकटपट्टी 50, कचऱ्याच्या जाड पिशव्या 60, भांड्यांचा साबण 20. आणि औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड, मोठ्या दोन बाटल्या, प्रत्येकी 60 ते 120.

पेरॉक्साइडचं लेबल वाचा. आपल्याकडे बहुतेक बाटल्या ‘20 व्हॉल्यूम’, म्हणजे 6 टक्क्यांच्या असतात. तेवढंच पाणी घातलं की 3 टक्के होतं. आपल्याला तेवढंच हवं. ‘इंडस्ट्रियल’ म्हणून कॅनमध्ये मिळणारं तीव्र पेरॉक्साइड स्वस्त वाटतं, पण कातडी भाजतं. घेऊ नका. पातळ केलेलं पेरॉक्साइड उरलं तर ठेवू नका, त्याचा जोर उतरतो. गडद रंगावर आणि रेड ऑक्साइडच्या फरशीवर आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघा, रंग उडू शकतो.

व्हिनेगरचा सल्ला सगळीकडे दिला जातो. काच, टाइल, प्लॅस्टिकवर तो ठीक आहे. चुन्याच्या भिंतीवर, संगमरवरावर, आत्तंगुडी फरश्यांवर अजिबात नाही: चुना आम्लाला मारतो आणि आम्ल चुन्याला खातं, बुरशी तिथेच राहते, फरशी मात्र निस्तेज होते. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत कधीही मिसळू नका, त्यातून डोळे आणि श्वासनलिका जाळणारं आम्ल बनतं.

काम कसं करायचं?

दिवस निवडा. उघडीप असलेला, सकाळी अकरा ते तीनमध्ये ऊन असणारा. पावसाच्या दिवशी बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते. खिडक्या उघडून भिंत वाळत नाही.

पक्षी गेला की छताचा पंखा बंद. हे फार महत्त्वाचं, कारण कोरड्या बुरशीवर पंखा चालला की बीजाणू घरभर होतात. एसीही बंद. दाराला प्लॅस्टिक लावा. एक्झॉस्ट पंखा असेल तर तेवढाच चालू, हवा बाहेर फेकणारा. पिंजरा आधीच हलवला असला तरी दाण्यांचे डबे, खेळणी, पिंजऱ्यावरची चादर हेही उचला. विसरतात ते हेच.

भिंत कोरडी घासू नका. झाडू नको, तारेचा ब्रश नको, खरवडणी नको, घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. तो बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. आधी एक लिटर पाण्यात चमचाभर साबण घालून हलका स्प्रे मारा, डाग ओला होऊ द्या. मग फडक्याने बाहेरून आत, एका दिशेने पुसा. फडकं पाण्यात पिळून पुन्हा वापरायचं नाही. घडी बदला, संपलं की पिशवीत. सगळा डाग निघाला की 3 टक्क्यांचं पेरॉक्साइड मारा, दहा मिनिटं थांबा, ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. फेस येईल, येऊ द्या. बुरशी गेल्यावरही काळसर छाया राहू शकते. ती घालवण्यासाठी पुन्हा पुन्हा रसायन मारू नका, चुन्याने झाकली जाते.

आता पंखा लावा. 24 ते 48 तासांत भिंत वाळली पाहिजे. वाळली नाही तर पाणी अजून येतं आहे, आणि तुमची सफाई पंधरा दिवसांत वाया जाणार आहे.

ओली गादी, पुठ्ठ्याचे खोके, फुगलेला प्लायवूड, वर्तमानपत्रांची थप्पी: वाचवायचा प्रयत्न करू नका. पिशवीत भरून, तोंड बांधून बाहेर. जाळू नका. भोगीला जुन्या वस्तू पेटवायची रीत आहे म्हणून बुरशीची चटई अंगणात पेटवली, तर तो धूर पुन्हा तुमच्याच घरात येतो. भोगीच्या पहाटे एरवीही पिंजरा आतल्या बंद खोलीत असू द्या, कारण तेव्हा साऱ्या गल्लीतच धूर असतो.

काम संपलं की कपडे थेट भिजवा, आंघोळ करा, मगच पक्ष्याला हात लावा. पिंजरा अंगणात गरम पाणी आणि साबणाने धुवा, उन्हात वाळवा.

काय अजिबात नको?

ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र येता कामा नये. न्हाणीघरात आधी पावडर टाकायची आणि मग ‘जास्त स्वच्छ व्हावं’ म्हणून ॲसिड ओतायचं, ही सवय खूप घरांत आहे. त्यातून क्लोरिन वायू निघतो. तो पक्ष्याला मारतो, माणसालाही रुग्णालयात पोचवतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर, ब्लीच आणि व्हिनेगर, हेही तसंच. कामाला बाई येत असतील तर त्यांना तमिळमध्ये नीट सांगा आणि ॲसिडची बाटली घरातूनच काढून टाका. एका बादलीत काय काय पडलं, हे नंतर कुणाला सांगता येत नाही.

सांब्राणी, धूप, अगरबत्ती, कापूर, मच्छर कॉइल: कुबट वास झाकतात, बुरशी मारत नाहीत आणि पक्ष्याच्या श्वासाला त्रास देतात. शुक्रवारची सांब्राणी सोडवत नसेल तर पक्षी दुसऱ्या टोकाच्या बंद खोलीत ठेवा आणि धूर पूर्ण निघून गेल्यावरच दार उघडा. कपाटातल्या डांबरगोळ्याही पिंजऱ्याच्या खोलीत नकोत.

‘मोल्ड फॉगिंग’ किंवा ‘सॅनिटायझेशन स्प्रे’ विकणारे बहुतेक जण कीटकनाशकाच्या धंद्यातले असतात. दर चौरस फुटाला सांगतात, किमान बिल वेगळं असतं, आणि फवारणीने भिंतीतली ओल जात नाही. पक्ष्यांच्या घरात फॉगिंगला नाही म्हणा. ‘हर्बल आहे’, ‘पेट-सेफ आहे’ असं म्हणाले तर रसायनाचं नाव लेखी मागा. बहुतेकदा संभाषण तिथेच संपतं.

पाणी कुठून येतं?

खरे पैसे इथे घालवा. स्वस्तापासून सुरुवात करा.

गच्चीवरचा पावसाच्या पाण्याचा पाइप पानांनी तुंबला आहे का, ते बघा. अर्ध्या दिवसाची मजुरी, 400 ते 600 रुपये, आणि अनेक घरांची ओल इथेच थांबते. कौल सरकलं किंवा फुटलं असेल तर जुनी कौलं मोडक्या घरांच्या सामानात मिळतात; कौलाची किंमत किरकोळ, खरा खर्च चढणाऱ्या माणसाचा. एसीचा निचरा-पाइप भिंतीत ठिबकतो का ते पाहा. नळाच्या जोडाची गळती ओळखायला रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खुणेने नोंदवा, सकाळी पुन्हा बघा.

गवंड्याची रोजची मजुरी साधारण 900 ते 1,200, मदतनिसाची 500 ते 700, रंगाऱ्याची 800 ते 1,200. ठेकेदार मात्र चौरस फुटावर दर सांगतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला मालाप्रमाणे 30 ते 80 रुपये फूट असा दर ऐकायला मिळतो, आणि त्यातच खाचा असतात. विचारा: दरात जुना थर काढणं आहे का? राबिट उचलून नेणं? प्रायमर आणि दोन हात? परांची? मोजमाप गच्चीच्या कठड्याच्या उभ्या भागासकट आहे का? जीएसटी वरून लागेल का? ‘साइट बघायचे’ पैसे कामात वळते होतात का? उत्तरं एका कागदावर लिहून सही घ्या. पाच वर्षांची हमी तोंडी असेल तर ती नाहीच असं समजा. ॲडव्हान्स तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका आणि शेवटचा हप्ता एक चांगला पाऊस पडून गेल्यावर द्या.

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ ही ऑफर नाकारा. बिल नसेल तर तक्रार उभी राहत नाही. बिल असेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात तिथे दाखल-शुल्क लागत नाही.

कधी? छताचं आणि भिंतीचं मोठं काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत करा. नोव्हेंबरात ओल्या भिंतीवर रंग देऊन घेतला तर पोंगलपर्यंत तो सुटतो. पोंगलच्या आधीचे तीन आठवडे रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर दर चढे असतात. महिनाभर उशीर चालत असेल तर थांबा.

घर भाड्याचं असेल तर

तामिळनाडूचा घरमालक-भाडेकरू कायदा 2017 चा, लागू झाला 2019 मध्ये. करारात वेगळं ठरलं नसेल तर इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींना चुना-रंग, नळाचे पाइप बदलणं हे मालकाकडे येतं. नळाचा वॉशर, गटार साफ करणं अशी किरकोळ कामं तुमच्याकडे. म्हणून बुरशी दिसताच तारखेसह फोटो काढा आणि मालकाला व्हॉट्सॲपवर नव्हे, लेखी कळवा, पोच घ्या. मालकाने काहीच केलं नाही म्हणून स्वतःच खर्च करून भाडं कापून घेऊ नका. तसं करण्याची वाट कायद्यात आहे, पण तिला पद्धत आणि मर्यादा आहे. एकदा वकिलाला दाखवा. आणि करार करतानाच ‘पक्षी पाळण्यास हरकत नाही’ हे वाक्य घालून घ्या. ते नसेल तर ओलीची तक्रार करताच मालक पिंजऱ्याकडे बोट दाखवतो.

यंत्रं घ्यावीत का?

सगळ्यांत आधी आर्द्रतामापक, 200 ते 600 रुपये. आतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवायची. तो आकडा दिसल्याशिवाय बाकी काही घेऊ नका.

डीह्युमिडिफायर 10,000 पासून 25,000 पर्यंत. सहा-आठशे रुपयांच्या इवल्या डब्या खोलीला पुरत नाहीत. 250 वॅटचं यंत्र दिवसाला आठ तास चाललं तर रोज 2 युनिट, म्हणजे दोन महिन्यांच्या बिलात 120 युनिट. तामिळनाडूत दोन महिन्यांना पहिली 100 युनिट मोफत आहेत. हे यंत्र एकटंच ती संपवतं. एकूण वापर 500 युनिटच्या पुढे गेला की दरांचा तक्ताच बदलतो, त्यामुळे वाढ अपेक्षेहून मोठी वाटते.

हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर 6,000 ते 15,000. बीजाणू आणि पिसांची धूळ पकडतो, ओल घालवत नाही. छुपा खर्च फिल्टरचा: 1,500 ते 4,000, आणि पक्षी असलेल्या घरात तो लवकर भरतो. घेण्याआधी फिल्टरची किंमत विचारा. ओझोन सोडणारं यंत्र पक्ष्यांच्या खोलीत नको. आयोनायझर असेल तर बंद करता आला पाहिजे. 40 वॅटचा प्युरिफायर दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण 30 युनिट.

एसीच्या साध्या सर्व्हिसला 500 ते 700 लागतात. ‘गॅस कमी झालाय’ म्हणून दोन-तीन हजारांची भर घालायचा प्रयत्न होतो. दाब मापकावर दाखवायला सांगा. फोम मारून कॉइल धुणार असतील तर पक्षी बाहेर, आणि एसी सुरू करून तासभर खोली मोकळी ठेवा.

दाण्यांचा डबा बघा

भिंत चकचकीत करून पक्षी आजारीच राहतो, तेव्हा बुरशी बहुधा खाण्यात असते. राळ्याला इथे ‘तिनै’ म्हणतात. पावसाळ्यात ते, सूर्यफूल आणि शेंगदाणे ओल धरतात. सुटे पाच किलो स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका; ऑक्टोबर ते जानेवारी अर्धा किलोच घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, कुबट वास आला की डबा रिकामा. सालासकट शेंगा बंद. पिंजऱ्याच्या तळाला मक्याचा भुसा, नारळाची शेंडी, लाकडाचा भुसा नको. कोरडं वर्तमानपत्र, रोज बदललेलं. बजींच्या मडक्यातली शेंडी पावसात काढून टाका. पिंजरा भिंतीपासून हातभर पुढे ओढा. या सगळ्याला शून्य रुपये लागतात.

पक्ष्याला कधी दाखवायचं?

श्वास घेताना शेपटी वरखाली होणं, चोच उघडी ठेवून श्वास, आवाज बदलणं किंवा बंद होणं, पिसं फुलवून बसणं, वजन उतरणं. पक्षी आजार लपवतो. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, 300 ते 600 रुपये. रोज सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. दहा टक्के उतरलं की वाट पाहू नका.

बुरशीने होणाऱ्या आजाराला ॲस्परजिलोसिस म्हणतात. तो एका पक्ष्यापासून दुसऱ्याला किंवा तुम्हाला लागत नाही. सगळ्यांना धोका असतो तो त्याच हवेचा. ग्रे पॅरट आणि फक्त दाण्यांवर वाढलेले, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेले पक्षी लवकर सापडतात. उपचार आठवड्यांचे नव्हे, बहुधा महिन्यांचे. खासगी डॉक्टरची तपासणी 300 ते 1,000, एक्स-रे 500 ते 1,000, औषधं आणि नेब्युलायझेशन धरून एकूण खर्च काही हजारांत जातो. माणसांसाठीची बुरशीविरोधी गोळी अंदाजाने अर्धी करून देऊ नका. इट्राकोनॅझोल ग्रे पॅरटला विशेष बाधतं. दुकानदाराने दिलेलं ‘पक्ष्यांचं अँटिबायोटिक’ बुरशीवर काही करत नाही, उलट आजार वाढू शकतो.

कुठे? गावातला सरकारी पशुदवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतो. तिथे प्रथमोपचार आणि पुढची चिठ्ठी मिळेल. पक्ष्यांच्या तपासणीसाठी तंजावूरच्या पुढे, पट्टुकोट्टै रस्त्यावर ओरत्तनाड इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सुंदरपेरुमाळ कोयिलहून आधी रेल्वेने किंवा बसने तंजावूर, तिथून ओरत्तनाडची बस. जाऊन-येऊन अख्खा दिवस धरा. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी पक्षी बघणारे डॉक्टर आहेत का ते विचारा. बरोबर न्या: वजनाची वही, दोन दिवसांच्या विष्ठेचा कागद, खातो त्या दाण्यांचा मूठभर नमुना, भिंतीचे फोटो आणि सफाईत वापरलेल्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो. शेवटची गोष्ट बहुतेक जण नेत नाहीत, आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

कागदांचं एक. बजी, कॉकटील आणि पीच-फेस्ड लव्हबर्डला नोंदणी लागत नाही. ग्रे पॅरट, मकाव, कोकाटू यांसारख्या परदेशी जातींची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन आहे, स्वतः भरता येतो, एजंटाची गरज नाही. पक्षी विकत घेताना पावतीवर जात लिहून घ्या. आणि पिंजऱ्यात आपला देशी पोपट असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पाळणं गुन्हा आहे. तो स्वतःहून वन खात्याकडे सोपवा. परस्पर उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर जगत नाही.

घरात कुणाला कोरडा खोकला आणि धाप आठवडेच्या आठवडे चालू असेल तर सगळा दोष बुरशीला देऊन थांबू नका. पक्ष्यांच्या पिसांच्या धुळीनेही फुप्फुसांना सूज येते. छातीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, घरात पक्षी आहेत, किती आहेत आणि पिंजरा कोणत्या खोलीत आहे.